व्हय म्हाराजा

गाऱ्हाणं त्याच्यासाठीच चाललं होतं आणि सगळ्यांत मोठ्याने 'व्हय म्हाराजा' तोच म्हणाला.

जत्रेच्या आदल्या रविवारची सकाळ होती. सातेरीच्या देवळात झाडलोट करायला आम्ही सात-आठ जण जमलो होतो. पाणी मारलेली फरशी, समईतलं जळकं तेल आणि माडीवरच्या वटवाघळांचा तो कुबट वास, सगळं एकत्र येत होतं. तेवढ्यात आमच्या वाडीतला एक जण आपल्या मुलाला दंडाला धरून घेऊन आला. मुलगा दहावीतला, बापापेक्षा चार बोटं उंच. दंड धरायला बापाला हात वर करावा लागत होता. मुलाने काय केलं ते गावाला ठाऊक होतं. सहामाहीचा एक पेपर बुडवून तो किनाऱ्यावर पर्यटकांच्या बोटी ढकलायला गेला होता. मिळालेल्या पैशांची बियर प्याला होता, आणि मोटरसायकलीत घालायला एका होडीच्या इंजिनातलं पेट्रोल काढताना सापडला होता. बापाने नारळ ठेवला, विडा ठेवला आणि हात जोडून नुसता उभा राहिला. त्याला बोलता येईना. गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालणाऱ्या गावकराने अंगावरचं उपरणं सारखं केलं आणि सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा, आज ह्या लेकरान जी काय चूकभूल केल्यान आसात ती पोटात घाल…" आम्ही हातातले झाडू तसेच धरून म्हटलं, व्हय म्हाराजा. "ह्येच्या डोक्यात जा काय वाकडा-तिकडा शिरला आसात ता भायर काढ…" आणि या वेळी आमच्या आवाजांच्या वर एक नुकताच फुटलेला, घोगरा आवाज आला. व्हय म्हाराजा!

एक क्षण कुणी काही बोललं नाही. मग कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. बापाने वळून त्याच्या कानाखाली दिली. देवळात आवाज घुमतो. गावकराने न थांबता गाऱ्हाणं पुरं केलं, नारळ फोडला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा त्या मुलाच्याच हातावर ठेवला. त्याने मूठ मिटली.

तो तुकडा त्याने खाल्ला की टाकला, ते मला दिसलं नाही.

मला डाचत राहिलं ते इतकंच की मीही हसलो होतो. पंचवीस वर्षं शाळेत शिकवतोय. या वयाची पोरं रोज समोर बसलेली असतात. परिपाठाला प्रार्थना चालू असताना ओठ हलवणारी कोण आणि म्हणणारी कोण, हे मला पाठीमागून खांद्यांवरून कळतं. तरी त्या दिवशी तो थट्टा करत होता, की लहानपणापासून जिभेला पडलेल्या सवयीने बोलला, की खरंच त्याला ते वाकडं-तिकडं बाहेर काढून हवं होतं, हे मला ओळखता आलं नाही. ओळखायच्या आधी मी हसून मोकळा झालो होतो.

मी त्याच्याहून दोन-तीन वर्षांनी लहान असतानाची गोष्ट. चवथीला मुंबईहून काका-आत्या यायचे, आरतीच्या ताटात नोटा पडायच्या. ताट फिरवायचं काम पोरांचं. त्यातली पाचाची एक नोट मी चड्डीच्या खिशात घातली. मालवणला जाऊन एक थंडा प्यायचा होता, बस. आजीला हिशेब लागला नाही. तिने आम्हा सहा भावंडांना गणपतीवर टांगलेल्या माटवीखाली ओळीने उभं केलं आणि एकेकाला सांगितलं, "देवाच्या पायाक हात लावन सांग." माझी पाळी चौथी. शाडूच्या मूर्तीचा पाय गार आणि किंचित दमट लागला, पावसाळ्यात रंग पुरता सुकत नाही तसा. मी म्हटलं, "मी नाय घेतलंय." बोटाला गुलाबी रंग लागल्यासारखा वाटला, तो मी सदऱ्याला पुसला. रात्री उजवा हात उशीखाली घालून झोपलो, कारण तो सडणार याची मला खात्री होती. आजीच्याच गोष्टी होत्या. आरवलीचा वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून त्याला वाहिलेल्या एवढ्या मोठाल्या चपला झिजतात, वगैरे. एरवी याच वेतोबाचा मला केवढा आधार असायचा. रात्री भजनाहून घरी येताना पाणंदीत पाला वाजला तरी भीती वाटायची नाही. राखण्या आहे बरोबर, असं मनात म्हणत चालायचं. त्या रात्री मात्र त्याच चपला माझ्या दिशेने वाजत होत्या.

पाचव्या दिवशी गणपती गेले. हाताला काही झालं नाही. माझ्या बाबतीत काहीच झालं नाही, हे सगळ्यांत वाईट झालं. पाय शिवून खोटं बोललं तरी निभावतं, हे तेराव्या वर्षी कळलेलं मूल पुढच्या उन्हाळ्यात शेजाऱ्यांच्या काजूच्या बिया विकायला घाबरत नाही. मी घाबरलो नाही. पण देवळात जायचं जिवावर यायला लागलं. देवाला माहीत असणार, त्याच्यासमोर कशाला उभं राहा. चोरी सुटली नाही, देऊळ सुटलं. आजीला वाटायचं, पोरगं इंग्रजी शाळेमुळे बिघडलं. आता ती इंग्रजी शाळा म्हणजे आठवीपासून अर्ध-इंग्रजीची एक तुकडी, पण दोष द्यायला तेवढी पुरली.

त्या रविवारच्या रात्री झोप येईना म्हणून मी वाचत बसलो. देवाच्या धाकाने पोरं सुधारतात का, हा प्रश्न कुणाला तरी आधी पडला असणारच. तर तो १९६९ साली अमेरिकेत पडला होता. ट्रॅव्हिस हर्शी आणि रॉडनी स्टार्क या दोन समाजशास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियातल्या शाळकरी मुलांची पाहणी केली. चर्चला किती वेळा जातोस, सैतान खरा मानतोस का, मेल्यानंतर शिक्षा होते असं वाटतं का, हे विचारलं आणि ते त्यांच्या चोऱ्यामाऱ्यांशी ताडून पाहिलं. नरकाला भिणारी आणि न भिणारी, चर्चला जाणारी आणि न जाणारी, वागणुकीत फरकच सापडेना. देवाधर्माच्या माणसांनाही हे पटलं नसेल आणि नास्तिकांनाही पुरतं उपयोगी पडलं नसेल. मग १९८२ मध्ये याच स्टार्कने आपल्या सहकाऱ्यांबरोबर मांडणी बदलली. म्हणणं साधारण असं की, एकेका मुलाच्या डोक्यात श्रद्धा किती हे मोजून भागत नाही. ज्या वस्तीत बहुतेकांच्या जगण्यात धर्म आहे, मित्रांच्या घरात आहे, बोलण्यात आहे, तिथे त्याचा परिणाम दिसतो. जिथे तो एकट्यादुकट्याच्या मनात आहे तिथे दिसत नाही. कॅलिफोर्नियाच्या त्या भागात चर्चला जाणारेच कमी होते. पुढे २००१ साली अशा ६० अभ्यासांची एकत्र फेरतपासणी झाली, तिचा निष्कर्ष होता की धर्माचा थोडाफार आवर पडतो. थोडाफार. त्यातही मला मास्तरकीची शंका आलीच. देवळात जाऊन मुलं गुणी होतात, की मुळात गुणी असलेलीच आईबापाच्या मागून मुकाट देवळात जातात?

चर्चचं माप सातेरीला लावायचं नाही, एवढं मला कळतं. आमच्याकडे दर रविवारी कुणी प्रवचन देत नाही. आमचा देव नीतीबद्दल फारसं बोलतही नाही. तो कौल देतो. उजवी पाकळी पडली की हो, डावी पडली की नाही, आणि प्रश्न बहुतेक जमिनीचे, लग्नाचे, बोअरवेलला पाणी लागेल का याचे. चांगलं वागा असं त्याने मला तरी कधी सांगितलेलं नाही. पण 'वस्तीत' हा शब्द वाचला आणि मला कणीक आठवली.

माझा एक चुलतभाऊ होता, माझ्याहून वर्षाने मोठा. आजच्या भाषेत त्याला वर्तनसमस्या होती. तेव्हाच्या भाषेत तो वांड होता. मुलांना मारायचा, मास्तरांच्या सायकलीची हवा सोडायचा, एकदा रागाने चुलत्यांच्या विहिरीत त्यांचाच पंप ढकलून दिला होता. त्याच्या आईने त्याला कुठे कुठे नेलं, काय काय बांधलं, गळा आणि दंड मिळून पाच-सहा ताईत होते. आंघोळीच्या वेळी ते सुकवायला दोरीवर लावायचा तो. उपयोग शून्य. आमचे भजनाचे बुवा एका संध्याकाळी त्याला म्हणाले, "कणीक मळतंस?" पखवाजाच्या डाव्या पुडीवर, धुम्यावर, भिजवलेल्या कणकेचा गोळा थापावा लागतो. ती पातळ झाली तर वाजवताना सरकते, घट्ट झाली तर आवाज मेल्यासारखा येतो. हवा दमट असेल तर पाणी कमी, थंडीत थोडं जास्त. थापायची मधोमध, कडेला पातळ करत न्यायची, मग एक थाप मारून ऐकायचं, पुन्हा चिमूटभर काढायची, पुन्हा ऐकायचं. भजन संपलं की खरवडून काढायची, नाहीतर पुडीला लागते आणि उंदीर येतात. एवढंच काम. बुवांनी त्याला एका शब्दाने चांगलं वाग म्हटलं नाही. पखवाजाला हातही लावू दिला नाही, जवळजवळ एक वर्ष. पण दर शनिवारी साडेआठला पंधरा माणसं टाळ हातात घेऊन या पोराच्या कणकेसाठी खोळंबून बसायची. उशीर झाला की बुवा त्याच्या घराच्या दिशेने तोंड करून हाक मारायचे, "अरे, गजर अडललो आसा!" मी तेव्हा कोपऱ्यात झांजा घेऊन बसायचो, मला कुणी हाक मारायचं नाही. मी आलो काय, न आलो काय, गजर व्हायचाच. मला त्याचा हेवा वाटायचा.

तो सुधारला असं लिहून टाकायचा मोह होतो. पुढे तो चांगला पखवाज वाजवायला लागला, डबलबारीला, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्याला, त्याला लांबून बोलावणी यायची. पण विशीत तो प्यायलाही लागला आणि पुष्कळ वर्षं प्यायला. फक्त भजनाच्या दिवशी नाही. आठवड्यातला एक दिवस. त्याची बायको एकदा म्हणाली होती, देवान माका एक शनवार दिल्यान. हे यश म्हणायचं की नाही, मला ठरवता येत नाही. तिला मात्र तो एक दिवस नेमका मोजता येत होता.

आणि कोकणातल्या देवाने पोरांच्या वांडपणाची सोयसुद्धा करून ठेवलेली आहे, ही गोष्ट आम्ही पोरांना देवळात ओढून नेताना साफ विसरतो. शिमगा कशासाठी आहे? वर्षभर ज्याला चोरी म्हणतात तिला त्या पाच-सात रात्रींत होळीची लाकडं आणणं म्हणतात. ज्याला शिवी म्हणतात तिला बोंब म्हणतात. रस्ता अडवून पैसे मागितले तर ती शबय. घरातली मोठी माणसं झोपेचं सोंग घेतात आणि कुंपणाची मेढी जाताना ऐकतात. म्हणजे हे जे पंधरा-सोळाव्या वर्षी अंगात खदखदतं, ते गावाच्या पूर्वजांना माहीत होतं. त्यांनी त्याला तारीख दिली आणि देवाच्या नावाखाली नेऊन बसवलं. आता लाकूड चोरून आणायला पोरांना सवड नसते. वर्गणी काढून टेम्पोने लाकडं येतात, डीजे येतो, आणि खदखद किनाऱ्यावरच्या शॅकमागे जाऊन बियर पिते.

अर्थात हे सगळं मुलांचं. मुलींना ना पालखीला खांदा, ना पखवाज, ना लाकडाची चोरी. त्यांच्या वाट्याला फुगड्या, तेवढ्या गणपतीच्या रात्री. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात नववीतली एक मुलगी होती. घरी तिच्या अंगात यायला लागलं. एरवी मान वर न करणारी ती पोर त्या वेळी सख्ख्या आजोबांना अरे-तुरे करायची, आणि आजोबा तिच्यासमोर हात जोडून उभे राहायचे. लोक ओटी भरायला यायला लागले, शाळा सुटायला लागली. मी एकदा घरी गेलो तेव्हा ती चुलीपाशी बसून सोलं निवडत होती. म्हटलं, शाळेत ये, सगळे विचारतात. ती म्हणाली, "सर, हय माजा सगळे आयकतंत." मला त्यावर बोलता आलं नाही, आजही आलं नसतं. तिच्या आईला मी तालुक्याच्या डॉक्टरांकडे न्यायला सांगितलं, त्यांनी नेलं, औषध दिलं गेलं, ती दहावी झाली. ठीक झाली म्हणतात. तिचं ऐकणारं पुढे कुणी राहिलं का, याची चौकशी मी केली नाही.

आणि पालखी म्हटली तरी मानाचे खांदे ठरलेले असतात. कुठल्या घराने पुढे लागायचं, कुणी नुसतं दुरून पाहायचं, यावर आमच्याकडे डोकी फुटली आहेत, पोलीस बंदोबस्तात पालखी निघालेली मी पाहिली आहे. तेव्हा देवळाने मुलांना जागा मिळते, असं मी सरसकट म्हणणार नाही. कुणाला मिळते. पेट्रोल काढणाऱ्या त्या मुलाचं घर मानकऱ्यांत नाही. त्याच्या बापाने नारळ ठेवला तेव्हा तो उंबऱ्यापासून जरा अंतर राखूनच उभा होता, हे मला नंतर, अंथरुणात पडल्यावर आठवलं.

गाऱ्हाण्यात नेहमी 'आम्ही' असतो. आमची गुरंढोरं, आमची लेकरं, आमची चूकभूल. जन्मल्यापासून तो मुलगा त्या 'आम्ही'त उभा राहून होकार देत आलेला. त्या दिवशी पहिल्यांदा सगळे एकीकडे होते आणि तो एकटा दुसरीकडे. मग त्याने जे केलं ते आपलं नेहमीच्या जागेवर जाऊन उभं राहणं असेल का? ही माझी कल्पना. मास्तर लोकांना कल्पना फार सुचतात.

म्हणून फेब्रुवारीत, प्रात्यक्षिक परीक्षा देऊन तो एसटीची वाट बघत थांबला होता तेव्हा मी सरळ विचारलं. "काय रे, त्या दिवशी देवळात तू 'व्हय म्हाराजा' कित्या म्हटलंस?" तो चपलेच्या टोकाने माती उकरत राहिला. मग म्हणाला, "सगळे म्हणतंत म्हणान." आणि जरा वेळाने, मान वर न करता, "गप ऱ्हवलंय आसतंय तरी बाबांनी मारल्यानीच आसतां, सर." यावर आम्ही दोघंही हसलो. एसटी आली. खोबऱ्याचं विचारायचं राहून गेलं.

यंदा शिमग्यात वर्गणीचं काहीतरी फिसकटलं आणि टेम्पो आला नाही. होळीच्या रात्री एकच्या सुमाराला आमच्या परसात पाला वाजला. कुत्रा भुंकला नाही, म्हणजे ओळखीचे. बायको उठून बसली. "अहो, कोणतरी आसा भायर. लाईट लावा." मी म्हटलं, राहू दे. कुजबुज ऐकू येत होती, दाबलेलं हसू, आणि त्यात तो घोगरा आवाज, "थंयसून धर, थंयसून." बोर्डाचे दोन पेपर व्हायचे होते त्याचे. मी अंधारात पडून, खरं सांगतो, खूश होतो. परसात आंब्याच्या वाळक्या फांद्यांचा ढीग होता, मला तो हलवायचाच होता.

पहाटे होळीवर गेलो तर आंब्याच्या फांद्या नव्हत्या. मधोमध माझं फणसाचं खोड उभं होतं. दोन पावसाळे मांगराच्या आडोशाला वाळवून ठेवलेलं, पुढच्या दाराच्या चौकटीसाठी, सुताराला सांगून झालेलं. पिवळा धमक गाभा, तोडलेल्या टोकाला मीच चुन्याने घातलेली खूण. होळीवर गेलेलं लाकूड मागायचं नसतं. माझ्या तोंडात काय काय आलं ते शिमगा होता म्हणून चाललं. मी पुढे झालो, तेवढ्यात गावकराने हात जोडले. "बा देवा म्हाराजा, ज्यांची ज्यांची लाकडां ह्या पोरांनी तुझ्या पायाकडे आणल्यानी, तेंचा बरा कर…"

व्हय म्हाराजा, मी म्हणून गेलो. चांगला मोठ्याने.

जाळाच्या पलीकडे तो उभा होता. माझ्याकडे बघत होता, आणि हसू दाबायला त्याने ओठ आत घेतले होते. फणसाचं लाकूड पेटायला वेळ लागतो. खूण बराच वेळ दिसत होती.